मीठ न उचललेली बाई

धनीबाईला उभ्या आयुष्यात कोणी काही विचारलं नाही. लग्नाआधी बापानं विचारलं नाही, लग्नानंतर सासूनं विचारलं नाही, आणि सरकारनं विचारायचं म्हटलं तर सरकारला ती कधी दिसलीच नाही. चार पुरुष बसलेले असले की पाण्याचा तांब्या ठेवून ती मागच्या मागे निघून जायची. तिच्या तोंडात जीभ आहे याची खात्री दिग्रसच्या बाजारातल्या भाजीवाल्यांना होती, कारण तिथे ती वांग्यांवरून अर्धा अर्धा तास भांडायची. तांड्यात मात्र तिला मुकी समजणारे पुष्कळ होते.

तांडा धावजी नायकाचा. धावजी नायक जाऊन कैक वर्षं झाली तरी नाव त्याचंच चाललेलं. दिग्रसहून एसटीनं फाट्यावर उतरायचं, तिथून मैलभर पायी. पलीकडे गाव, त्याला सगळे नुसतं इजारा म्हणायचे, कारण इंग्रजाच्या काळात ते सगळंच्या सगळं एका घराण्याला इजाऱ्यानं, म्हणजे मक्त्यानं दिलेलं होतं. इजारा कागदावरून गेला, पण इजारदार गेले नाहीत. ते घराणं तिथंच राहिलं आणि लोक वाकायचेही तसेच.

दोन हजार सहाचं साल होतं. कापसाचे दिवस फिरलेले, आणि यवतमाळ जिल्ह्यात पावसापेक्षा गाड्या जास्त यायला लागलेल्या. मुंबईच्या, दिल्लीच्या, कॅमेरेवाल्या, शेतकऱ्यांच्या आत्महत्यांबद्दल विचारून फॉर्म भरून घेणाऱ्या. तांड्यातली माणसं या प्रश्नांना इतकी विटली होती की गाडी दिसली की निम्मी शेतात पसार व्हायची. शाल्मली आली ती एसटीनं, एकटी, खांद्याला शबनम पिशवी अडकवून, आणि तिनं कापसाबद्दल एक अक्षर विचारलं नाही. तिनं धनसिंगाचं, म्हणजे धनीबाईच्या नवऱ्याचं घर विचारलं.

ही शाल्मली यवतमाळची. घराणं तीन पिढ्या कचेऱ्यांत टेबलामागे बसलेलं. विद्यापीठानं तिला शिष्यवृत्ती दिली होती ती एका विषयासाठी: या जिल्ह्यात वेठीनं आणि सालदारीनं बांधली गेलेली माणसं, आणि कायद्यानं सुटल्यावर त्यांचं पुढे काय झालं. घरच्यांनी कपाळाला हात लावला. गुलामगिरी तिकडे अमेरिकेत झाली, आपल्याकडे कुठली, असं तिच्या वडिलांचं म्हणणं. अमेरिकेत गुलामांवरून लढाई पेटली तेव्हा वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, हे शाल्मलीनं वाचलं होतं. त्या कापसाच्या शेतात कोण राबलं ते मात्र तिला एकाही पुस्तकात सापडलं नव्हतं.

सापडलं ते घरातच. तिचे आजोबा मधुसूदनराव नायब तहसीलदार होते. शहात्तर साली वेठबिगारीविरुद्धचा कायदा झाला आणि गावोगाव जाऊन यादी करायचा हुकूम निघाला, तेव्हा इजाऱ्याला तेच गेले होते. त्यांच्या ट्रंकेत त्या यादीची नक्कल निघाली. वेठबिगारांची संख्या या रकान्यात शाईनं, वळणदार अक्षरात, 'निरंक' लिहिलेलं, म्हणजे एकही नाही. आणि बाजूच्या कोऱ्या जागेत पेन्सिलनं, पुसट: 'रामलाल. बैल? पुन्हा विचारणे.' आजोबांनी पुन्हा कधीच विचारलं नव्हतं. नात ते विचारायला आली होती.

धनसिंगानं तिला बसायला बाज टाकून दिली, चहा पाजला. आपण कुणाची नात हे तिनं आधीच सांगून टाकलं, आणि ती विचारायला लागली तसा तो गप्प झाला. साठीला आलेला माणूस, बोलका, गोष्टीवेल्हाळ. बापजाद्यांचे लदणीचे बैल, मिठाच्या गोण्या, वाटेतले मुक्काम याच्यावर तासभर बोलला असता. धाकट्या भावाचं, रामलालचं नाव निघताच त्याची मान खाली गेली. "बैलानं मारलं," एवढंच म्हणाला. शाल्मली दुसऱ्यांदा आली, तिसऱ्यांदा आली. उत्तर तेच. तांड्यातल्या बाकीच्या म्हाताऱ्यांना विचारलं तर तेही तेच, शब्दाला शब्द लावून. धनीबाई चुलीपाशी बसून भाकरी थापत ऐकायची आणि तिच्या हातून भाकरी फाटायच्या.

तिसऱ्या वेळी शाल्मलीनं एक गोष्ट पाहिली. पोळा जवळ आला होता. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकतात, लोण्यात हळद कालवून, कोमट करून, पळसाच्या पानानं लावतात, वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याला आराम म्हणून. धनीबाईच्या फळीवर लोण्याची वाटी झाकून ठेवलेली होती, आणि दारात बैल नव्हता. गोठाही नव्हता. तांड्यात बिनबैलाचं हेच एक घर. शाल्मलीनं सहज विचारलं, की हे लोणी कुणासाठी. धनसिंग उठून बाहेर निघून गेला.

ते लोणी कुणासाठी हे धनीबाईला ठाऊक होतं, कारण बहात्तर सालापासून ती ते दर वर्षी लावत आली होती. नवऱ्याच्या उजव्या खांद्यावर.

त्या साली ती एकोणीस वर्षांची होती. धनसिंग आणि रामलाल दोघेही इजारदाराकडे सालदार. साल म्हणजे पाडव्यापासून पाडव्यापर्यंत. पहाटे बैल सोडायचे ते दिवे लागल्यावर बांधायचे, आणि मधल्या वेळात मालक म्हणेल ते. मार ठरलेला. बैल लंगडला तर मार, भाकरीला वेळ लागला तर मार, आणि काहीच झालं नाही तर आठवण राहावी म्हणून मार. लग्नासाठी उचल घेतलेली होती, ती फिटली की नाही हे सांगणारा एकच माणूस होता, आणि तो रामराव इजारदार होता. पण एक रीत तेवढी जुनी चालत आलेली. ज्याला साल सोडायचं त्यानं पाडव्याच्या सकाळी बैल हाकायची तुतारी, म्हणजे टोकाला लोखंडी आर असलेली काठी, गोठ्याच्या उंबऱ्यावर आडवी ठेवायची आणि पाठ न फिरवता चार पावलं मागे यायचं. तुतारी ठेवली की माणूस सुटला.

रामलालनं तुतारी ठेवली. त्याला दिग्रसच्या जिनिंगमध्ये काम मिळत होतं. वीस-एकवीसचं पोरगं, हसरं, वहिनीची थट्टा केल्याशिवाय घास न गिळणारं. चार पावलं मागे आला तोवर रामरावानं त्याला थांबवलं. रामराव ओरडला नाही. तुतारी ठेवलीस म्हणजे आता तू गडी नाहीस, बैल हो, एवढंच शांतपणे बोलला. लाख्या नावाच्या तांबड्या बैलाचा जोडीदार सोडून घेतला आणि आपल्या माणसांना सांगितलं की त्या जागी याला जुंपा. धनसिंग पायावर पडला. धाकट्याला सोडा, मला जुंपा म्हणाला. रामरावाला ती कल्पना फारच आवडली. मोठा भाऊ जुवाखाली आणि धाकट्याच्या हातात वखर, असा खेळ मांडून तो बांधावरच्या झाडाखाली जाऊन बसला.

चैतातलं ऊन, ढेकळांचं रान. लाख्या हा बैल धनसिंगानं गोऱ्हा असल्यापासून वाढवलेला. त्याच्या शेजारी जुवाला मान देऊन धनसिंग सकाळपासून ओढत होता. रामलाल हाकत नव्हता म्हणून इजारदाराची चार माणसं दोन्ही बाजूंनी चालत होती. ती बैलालाही मारत आणि माणसालाही, आणि मारताना दोघांत फरक करत नव्हती. दुपारी धनीबाई दोघांची भाकरी घेऊन शेताच्या धुऱ्यावर, बांधावर पोचली तेव्हा नवऱ्याच्या खांद्याची कातडी जुवाला चिकटून निघालेली तिनं पाहिली. डोक्यावरचं गाठोडं खाली ठेवायचं तिला सुचलं नाही. तिच्या डोळ्यांदेखत धनसिंग ढेकळांत कोसळला, बैलाच्या पुढच्या पायांत.

आणि लाख्या थांबला. पाऊल टाकलं असतं तर ते धनसिंगाच्या छातीवर पडलं असतं. त्या चौघांनी बैलाला तुतारीची आर टोचली, पोटात, मांडीत, शेपटीच्या मुळाशी. रक्ताच्या धारा लागल्या. बैल थरथरत उभा राहिला, पण त्यानं खूर उचलला नाही. ते बघून रामलालच्या डोक्यात काय झालं कोण जाणे. त्यानं वखर टाकून दिला, जुवातली लाकडी शिवळ उपसली आणि आर टोचणाऱ्याच्या तोंडावर हाणली. त्या माणसाचे दात मातीत पडले.

मग चौघांनी रामलालला धरलं. त्याला खाली पाडलं, तोंडावर लाथा घातल्या, हात उलटा पिळून मोडला. हाड मोडल्याचा आवाज धुऱ्यापर्यंत आला. रामराव झाडाखालून उठून आला, धोतराचा सोगा वर खोचला आणि तीच शिवळ उचलली. पहिला घाव कानाच्या वर. दुसरा कपाळावर. रामलालनं एकदा आईला हाक मारली, "याडी", आपल्या बोलीत. त्यानंतरचे घाव त्याला लागलेही नसतील, पण रामरावाचा हात दमेपर्यंत ते चाललेच. धनीबाईनं नजर वळवली नाही. वळवायला पाहिजे होती, असं तिला पुढे शंभरदा वाटलं.

दिवस मावळायच्या आत प्रेत इजारदाराच्या अंगणात आणलं आणि तांड्यातल्या सात पुरुषांना बोलावणं गेलं, म्हाताऱ्या धावजी नायकासकट. रामराव आडदांड होता तरी मूर्ख नव्हता. लमाण माणूस जीव देईल पण आपल्या संताच्या, सेवाभायाच्या नावानं उचललेलं मीठ मोडणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्यानं तांब्याभर पाणी आणि मूठभर मीठ मधे ठेवायला लावलं. ज्याला बोलायचं असेल त्यानं बोलावं, उद्या तांड्याची एक झोपडी उभी राहणार नाही, असं सांगितलं. इतकी लेकरंबाळं घेऊन कुठे जाणार? धावजी नायक रडत पुढे झाला आणि मीठ पाण्यात सोडलं. हे मीठ विरघळलं तसा माझा वंश विरघळो, जर मी म्हटलं की बैलाखेरीज दुसऱ्या कोणी मारलं. एकामागून एक सातांनी उचललं. त्या सातांनंतर धनसिंगाला दोघांनी बखोट धरून उभं केलं आणि त्याच्या मुठीत मीठ कोंबलं. त्याच्या उघड्या खांद्यावर माशा बसल्या होत्या.

धनीबाई भिंतीला टेकून उभी होती. इजारदाराच्या कारभाऱ्यानं तिच्याकडे बोट केलं आणि विचारलं, हिचं काय. रामराव हसला.

"बाईची कायची शपथ? बाईले कोण इचारते?"

मग त्यानं लाख्याला आणायला लावलं. खुनी बैल गावात ठेवता येत नाही म्हणाला आणि आतून बंदूक मागवली. धनसिंगाला बघून बैल हंबरला. पहिली गोळी मानेत गेली, बैल गुडघ्यांवर आला, दावं तोडायला बघत राहिला. दुसरी डोळ्यांच्या मधे. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी बैलांच्या मागे मुलूखभर चालून जन्म काढले, त्या माणसांनी एका बैलावर खुनाचा आळ घेतला आणि त्याला मरताना उभं राहून पाहिलं. रामलालच्या मरणाचं दुःख तांड्याला होतंच. पण त्या बैलाची जी लाज त्यांना वाटली तिनं त्यांची तोंडं मिठापेक्षाही घट्ट शिवली. धनसिंगानं त्यानंतर दारात बैल बांधला नाही, आणि लाख्याचं नावही घेतलं नाही.

चार वर्षांनी मधुसूदनराव जीप घेऊन आले. चावडीत एकेका पुरुषाला बोलावून विचारलं. सातांनी सात वेळा कानावर हात ठेवले. धनीबाई पाण्याचा तांब्या घेऊन गेली होती. साहेब पाणी प्याले, त्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती गरजेपेक्षा जास्त वेळ उभी राहिली. त्यांनी विचारलं असतं तर तिनं तिथेच सगळं सांगितलं असतं. साहेबांनी तांब्या परत दिला आणि शाईचं पेन उघडलं.

भला माणूस असेल. पण भल्या माणसालाही बाईला विचारायचं सुचलं नाही, ते नाहीच.

शाल्मली चौथ्यांदा आली ती पोळ्याच्या आदल्या दिवशी. तिच्या येण्याजाण्याची बातमी तोवर गावात पोचली होती. रामरावाचा नातू आता निवडणुकीला उभा राहायच्या तयारीत, आजोबांच्या नावाची कमान गावाच्या तोंडाशी नुकतीच बांधलेली. भर दुपारी दोन मोटारसायकली तांड्यात शिरल्या आणि तिघे उतरले. शाल्मलीच्या हातातलं आवाज टिपायचं यंत्र हिसकावून त्यांनी दगडावर आपटलं, वही टराटरा फाडली. ती आडवी आली तर तोंडावर अशी चपराक दिली की तिचा ओठ फाटून ओढणीवर रक्त सांडलं. मग त्यांनी धनसिंगाला बाजेवरून ओढून अंगणात पाडलं. कापसाच्या वाळल्या पऱ्हाटीच्या ढिगाऱ्याशेजारी म्हाताऱ्याच्या पाठीवर, पायांवर काठ्या पडायला लागल्या. शेजारपाजारची दारं बंद झाली.

"बोल बुढ्या," त्यातला एक म्हणाला, "तुया भावाले कोणं मारलं?"

"बैलानं," धनसिंग म्हणाला.

त्यांनी आणखी दोन काठ्या घातल्या, पुन्हा विचारलं, पुन्हा तेच ऐकलं आणि समाधानानं निघून गेले. धुरळा बसायला वेळ लागला. धनीबाईनं नवऱ्याला उचलून बाजेवर टेकवलं. आजोबाच्या हातची शिवळ आणि नातवाच्या माणसांच्या हातची काठी, दोन्हींचा आवाज तिच्या कानात एकच होता. शाल्मली रडत होती. ती धनसिंगाच्या पायाशी बसली आणि म्हणाली की चूक झाली काका, माझ्या अभ्यासापायी तुम्हाला हे भोगायला लागलं, मी पुन्हा विचारायला येणार नाही. तिनं शबनम उचलली.

पुन्हा विचारणार नाही. एक आजोबा असाच निघून गेला होता, आता नातही चालली.

"मले इचार," ती म्हणाली.

शाल्मलीला आधी कळलंच नाही की कोण बोललं. धनसिंगानं मान वर केली.

"धनी, मीठ उचललं हाय."

"तुमी उचललं. मी नाई उचललं. मले कोणी उचलू देल्लं नाई, न मले कोणी इचारलंबी नाई." ती शाल्मलीसमोर मांडी घालून बसली. "इचार माय. मी सांगतो."

वही फाटलेली. शबनममध्ये शाबूत राहिला होता तो आजोबांच्या यादीच्या झेरॉक्सचा कागद. शाल्मलीनं तो उलटा केला आणि निरंकच्या पाठीवर लिहायला लागली. धनीबाईनं उंबऱ्यावरच्या तुतारीपासून सुरुवात केली. कुठे अडखळली नाही, कुठे रडली नाही. कोणाच्या हातात काय होतं, कोणता घाव कुठे बसला, कोण कुठे उभं होतं, सगळं तिनं काल घडल्यासारखं सांगितलं. बंद दारं एकेक करून उघडली. सातांतले जिवंत असलेले दोघं म्हातारे येऊन लांब उभे राहिले. कोणीही तिला गप्प बस म्हटलं नाही, आणि कोणीही हो म्हटलं नाही.

जुवाचं सांगायची वेळ आली तेव्हा धनसिंगानं हळूहळू बंडी काढली. तो शाल्मलीकडे पाठ करून बसला. उजव्या खांद्यावर तळहाताएवढं घट्ट, काळं, मेलेलं मांस होतं. जू वाहून वाहून बैलाच्या मानेवर येतं तसं. शपथ तोंडाची होती, खांद्याची नव्हती.

सांगून झाल्यावर शाल्मलीनं ओठावरचं रक्त पुसलं आणि चाचरत सांगितलं की अशा संशोधनाचा एक नियम आहे. ज्यांनी सांगितलं त्यांना त्रास होऊ नये म्हणून नावं बदलतात. गावाचं, माणसांचं, सगळ्यांचं. आज जे झालं ते पाहता तर बदलायलाच हवीत.

"बदलू नको," धनीबाई म्हणाली. "बदललेलंच तं चालून राह्यलं चौतीस वर्सं. मारलं रामरावनं, न नाव लागलं बैलाचं."

ते पुन्हा येतील, तुम्हाला मारतील, शाल्मली म्हणाली. येतील तर येतील, धनीबाईचं उत्तर. न सांगतासुद्धा मारच खाल्ला होता ना आज. मग शाल्मलीनं नावं लिहिली. रामलाल. रामराव इजारदार. चार माणसांची चार नावं, धनीबाईला पाठ होती. सांगणारी: धनीबाई धनसिंग. खाली अंगठा. आणि बैलाचं नाव काय होतं, शाल्मलीनं विचारलं. सबंध सांगण्यात धनीबाईनं त्याला नुसतं बैलच म्हटलं होतं.

धनीबाईला ते नाव माहीत नव्हतं असं थोडंच. पण त्या घरात ते घ्यायचं नाही, हे तिनं चौतीस वर्षं पाळलं होतं, आणि ते मोडायचा हक्क तिचा नव्हता. ती नवऱ्याच्या पाठीकडे बघत राहिली.

"लाख्या," धनसिंग म्हणाला.

आणि उघड्या खांद्यांचा तो म्हातारा सगळ्या तांड्यासमोर हमसून हमसून रडला. धनीबाईनं फळीवरची वाटी काढली, लोणी चुलीवर कोमट केलं, पळसाचं पान घेऊन त्याच्या मागे बसली आणि रोजच्या कामासारखं खांद्यावर चोळायला लागली. चोळता चोळता तिनं शाल्मलीला विचारलं, नाव लिहिलं का. शाल्मलीनं लिहिल्याचं सांगितलं.

"त्याच्यापुढं ल्ही," धनीबाई म्हणाली. "यानं नाई मारलं."